गाळलेल्या चार ओळी

मी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत काम करते, तिथे माझा एक स्तंभ होता. संपादकांना घरगुती औषधांवर काहीतरी हलकंफुलकं हवं होतं, म्हणून शहराबाहेर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला भेटायला गेले.

आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. दारातल्या बाकावर बसून कांदे निवडत होते. दाढदुखीला लवंग, खोकल्याला मध, चामखिळीला सात गाठींचा दोरा असं सांगता सांगता स्वतःच हसले. "चामखीळ आपोआपच जाते गं. पण तोवर पोराच्या हाताला चाळा हवा ना."

मग भाजलेल्या कांद्याचं पोटीस गळवावर कसं बांधायचं ते दाखवलं आणि गंभीर झाले.

"माझ्या बायकोला शुगर होती. पायाला फोड आला. मी अकरा दिवस पोटीस बांधत बसलो. दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण मला माझ्या शहाणपणाचा तोरा. आधी पाय गेला, मग ती गेली. शुगरवाल्याने पायाला काही बांधू नये, सरळ डॉक्टर गाठावा. एवढं नक्की छाप, पोरी."

मी मान डोलावली. फोनवर सगळं रेकॉर्ड होत होतं.

लिहायला बसल्यावर त्या चार ओळी मला जड वाटल्या. हसऱ्या लेखात मेलेली बायको कुठे बसवायची? मी त्या गाळल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ऑफिसात एका शिंप्याच्या मुलीचा फोन आला. वडिलांना शुगर होती, लेख वाचून त्यांनी पायाच्या फोडावर पोटीस बांधलं होतं. दोन बोटं काढावी लागली.

"भांडायला फोन नाही केला," ती म्हणाली. "आम्ही आजोबांना कळवलं तर ते काल दवाखान्यात येऊन रडून गेले. तुमची ओळख आहे, तर त्यांना जरा समजवा."

मी त्याच दुपारी गेले.

"ये पोरी," आजोबा म्हणाले. "माझ्यामुळे तुझ्या नावाला बट्टा लागला. बायकोचं तेवढं सांगायचं राहूनच गेलं बघ. हल्ली विसरायला होतं."

"असू द्या आजोबा," मी म्हणाले. खरंच म्हणाले तसं. सुनेने पाणी आणून दिलं.

आजोबा सुनेकडे वळले. "यापुढे मला कुणाला काही सांगू देऊ नकोस. डोकं गेलंय माझं."

मग मात्र मला बसवेना. मी फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. कानामागे हात धरून त्यांनी स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे सांगितलं होतं मी."

"हो. मीच काढून टाकलं."

"का?"

"लेख हसरा राहावा म्हणून."

"दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत ते," सून म्हणाली आणि आत निघून गेली.

आजोबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला शोधल्या. "चल. मी माफी मागून आलोय. आता खरं काय ते तू सांग."

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, खिडकीबाहेर बघत. वॉर्डात शिंप्याच्या मुलीने माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शिंप्याने पाय जपून सरकवला, आजोबांना कॉटवर बसायला जागा करून दिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हेच छापा आता," एवढंच म्हणाला.

रविवारी ते माझ्या कबुलीसकट छापून आलं. संपादकांनी माझा स्तंभ बंद केला, त्याचं काही वाटलं नाही. आजोबांकडे जायला म्हणून त्यानंतर दोनदा बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा बस आली, दार उघडलं, आणि मी मागे फिरले.