दोन बाजूंची मापं

“मावशी, आणखी ओढ,” प्रणाली म्हणाली.

अनसूयाबाईंनी पाठीमागच्या नाड्या ओढल्या. उजवीकडची पट्टी पोरीच्या बरगडीत रुतली. डावीकडं मात्र चार बोटं पोकळ राहिली.

“दुखून राहिलं का वं?”

“नाही,” प्रणाली म्हणाली, आणि रडायला लागली.

ते कॉर्सेट, म्हणजे छाती-कंबर आवळून धरणारी पट्ट्यांची जाड चोळी, त्याच दुपारी कुरियरनं आलं होतं. कॉलेजनं स्पर्धेसाठी घेतलेल्या नाटकात प्रणालीला मोठी भूमिका मिळाली होती, सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात आलेल्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईची. नाटक बसवणाऱ्या जीवन सरांनी बजावलं होतं, त्या काळच्या बाया झग्याच्या आत असं कसून बांधत. ते अंगात असल्याशिवाय चाल यायची नाही. मग विकत घ्यायचं की शिवायचं, यावर बडनेऱ्याच्या दोघींच्या दोन खोल्यांत दोन दिवस काथ्याकूट झाला. अनसूयाबाईंची उभी हयात ब्लाउज शिवण्यात गेलेली. “मले हे कुठी जमते? घे विकतच,” म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं.

खरं कारण त्यांनी सांगितलं नव्हतं. प्रणालीची आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, पोर अकराची असताना, तिची पाठ एका अंगाला वळू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेला कडक पट्टा तिनं तीन वर्षं घातला. पाठ आणखी वळायची थांबली, सरळ मात्र झाली नाही. तेव्हापासून तिचा प्रत्येक कपडा मावशीनंच शिवला, आणि प्रत्येकात डाव्या बाजूला, अस्तराच्या आत, दोन्ही अंगं सारखी दिसावीत म्हणून कापसाचा पातळ थर घातला. त्याबद्दल दोघींत कधी शब्द झाला नाही. पोरीनं एकदा तरी चारचौघींसारखं दुकानातलं तयार अंगात घालावं, एवढीच त्यांची आस होती.

“मी नाटक सोडते,” प्रणाली म्हणाली. “त्या पट्ट्यासारखंच वाटून राहिलं मले. श्वासच घेता येत नाही.”

अनसूयाबाईंनी नाड्या सोडल्या. बरगडीवरच्या लाल वळावर खोबरेल तेल चोळलं. मग कात्री घेऊन त्या कॉर्सेटची शिवण उसवायलाच बसल्या.

“अवं, काय करून राहिली? वापस करता येते थे!”

“वापस कायले? मले आतून पाह्यचं हाय.”

तासाभरात सगळे तुकडे सतरंजीवर मांडले गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक तुकडा निरखला.

“ब्लाउजच हाय,” त्या म्हणाल्या. “फक्त लय जिद्दी हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड सुती कापड आणलं. आतल्या लोखंडी पट्ट्यांऐवजी वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या, त्या वाकतात म्हणून. नाडीच्या रिंगा स्टेशनजवळच्या मोच्याकडून ठोकून घेतल्या. मापं मात्र दोनदा घेतली, डाव्या अंगाची वेगळी, उजव्या अंगाची वेगळी. चौथ्या दिवशी अस्तर लावायला घेतलं आणि सवयीनं त्यांचा हात कापसाकडं गेला. प्रणालीनं तो हात धरला.

“कापूस नोको, मावशी.”

मशीन थांबलं.

“तुले माहीत होतं?”

“पहिल्या कुर्त्यापासून.”

“मंग बोलली कावून नाही?”

“तू इतकं मन लावून भरत होती. कशी बोलू?”

अनसूयाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

“स्टेजवर उजेड असते, बेटा. लोक पाह्यतीन.”

“पाहू दे. डॉक्टरीणबाईची पाठ सरळच होती, असं कुठी लिहिलं हाय?”

अकोल्याच्या स्पर्धेच्या दिवशी विंगेतल्या अरुंद जागेत अनसूयाबाईंनीच नाड्या बांधल्या. कॉर्सेट दोन्ही अंगांना सारखं बसलं. प्रणालीनं एक खोल श्वास घेऊन पाहिला, वर झगा चढवला आणि मावशीच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. पण वाकता येईना. दोघी हसल्या. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

प्रणाली उजेडात गेली. तिचे कपडे छातीशी धरून अनसूयाबाई विंगेतच उभ्या राहिल्या. तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. एक खांदा वर, एक खाली. तशीच ती सावकाश पुढं चालत गेली, आणि आठशे माणसांचं नाट्यगृह गप्प झालं.