खालच्या स्क्रूचा वॉशर

होडीच्या इंजिनाचं गिअरचं तेल बदलायचं काम आमच्या घरात माझ्याकडे. वडिलांच्या गॅरेजात वाढले, त्यामुळे हाताला सवय. होडी नवरा चालवतो, पण त्याने इंजिनाला पाना लावला की एकतर स्क्रू मोडतो नाहीतर बोट सोलवटतं.

“लोकांच्या सुनांच्या हाताला साबणाचा वास येतो,” सासूबाई दारातून म्हणाल्या.

“माझ्याही येतो की. तास-तास घासते, तेव्हा कुठे येतो!”

“जीभ मात्र न घासताच चालते. पोरीकडे बघ गं.”

पोरगी, आमची गोटी, चटईवर बसली होती. दात येताहेत, त्यामुळे दिसेल ते तोंडात. मी लाकडी घोडीवर टांगलेल्या इंजिनाचा खालचा स्क्रू काढला, मग वरचा. वरून हवा शिरली तशी जुन्या तेलाची धार ट्रेमध्ये उतरली. स्क्रू फडक्यावर ठेवून मी नव्या तेलाचा डबा घ्यायला कपाटाशी गेले. चार पावलं, तेवढीच काय ती पाठ वळली.

परत आले तर फडकं गोटीच्या मांडीवर आणि स्क्रू जमिनीवर. वरच्या स्क्रूला त्याचा वॉशर होता, नखाएवढा, प्लॅस्टिकचा. खालच्याला नव्हता.

गोटी काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवत होती.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. जीभ, हिरड्या, गाल... काहीच नाही. तिला उमासा आला, ती खोकली आणि तिने टाहो फोडला. चटई झटकली, फडकं झटकलं, ट्रेमधल्या तेलात हात फिरवला.

“गिळलं काय?” सासूबाईंनी तिला उचललं.

“वॉशर. बहुतेक. आई, मला माहीत नाही हो!”

नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. “श्वास नीट चालू आहे... हो, रडतेय. बरं, काही खायला देत नाही.” फोन ठेवत तो म्हणाला, “लगेच घेऊन या म्हणाले.”

दवाखाना पलीकडच्या काठावर. शेजारच्या होड्या सकाळीच गेलेल्या. आणि आमचं इंजिन पोट उघडं टाकून घोडीवर.

“तेलाशिवायच चालवतो ना!” नवरा म्हणाला. “एकदाच जायचंय.”

“मध्यावर गिअर जाम झाला तर? पोरीला घेऊन तिथेच अडकू.”

“मग वल्हवतो!”

“वारा समोरून आहे. थांब, भरते मी. तू फक्त डबा धर.”

तेल खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, नाहीतर आत हवा राहते. डब्याला जोडलेल्या पंपाची तोटी खालच्या भोकाला लावली, पिळली. बसेना. पुन्हा पिळली. तेल कडेने गळायला लागलं.

“काय झालं?”

“बसत नाहीये!”

गोटी पुन्हा खोकली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होत्या. मी तोटी काढली, भोकाची कड पुसली, नख फिरवलं. नख अडकलं. तिथे एक कडी होती, तेलाने काळी पडून धातूला चिकटून बसलेली. पेचकसाच्या टोकाने ती उचकटली आणि तळहातावर घेतली.

वॉशर. स्क्रूबरोबर तो बाहेर आलाच नव्हता.

“इथे आहे,” मी म्हणाले. मग ओरडले, “आई, इथे आहे! तिने नाही गिळला!”

नवऱ्याने डबा खाली ठेवून वॉशर हातात घेऊन बघितला. सासूबाईंनी गोटीचा असा मुका घेतला की ती चिडून पुन्हा रडायला लागली.

“डॉक्टरांना सांग,” मी म्हटलं.

“सांगतो. आधी घोटभर पाणी पितो.”

मला तिला घ्यायचं होतं. पण उद्या खरंच तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तर ती याच होडीतून जाणार होती. मी तोटी लावली. या वेळी बसली. पंप मारत राहिले. गोटी हात पुढे करून माझ्याकडे झेपावत होती.

“घे ना तिला,” नवरा म्हणाला.

“आले गं आले, राणी.”

वरून तेल आलं. दोन्ही स्क्रूंना नवे वॉशर घालून आधी वरचा लावला, मग तोटी काढून झटकन खालचा. घट्ट. पुन्हा एकदा घट्ट.

मग हात न धुताच तिला घेतलं. तिच्या पांढऱ्या झबल्यावर माझी दहाही बोटं उमटली. सासूबाईंनी बघितलं, आणि स्वतःच साबण आणायला आत गेल्या.