लाल ठिपक्यांचे सेल

आठवडाभर माझा वायरलेस माउस अडत होता. समोरच्या टेबलावरची इन्शिराह रोज नवा उपाय सांगायची. "रिसीव्हर पुढच्या बाजूला लाव गं." लावला. "मोबाइल लांब ठेव." ठेवला. तीनदा नवे सेल घातले, तरी दुपारनंतर बाण जागचा हलेना.

आज सकाळी चौथ्यांदा सेल घातले, पण त्यांच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन.

"तू जा नमाजला, नजीबा. मी बघते तुझ्या माउसकडे," ती नेहमीसारखी म्हणाली.

परत आले, तर माउस मेलेला. मी सरळ तिचा उघडला. दोन्ही लाल ठिपके तिथे!

"अगं, सेलच तर आहेत!"

"खाल्ल्या मिठाला तरी जागायचंस."

कैरोच्या या ऑफिसात अकरा वर्षं माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तिची असते. आज मी अख्खी खाल्ली, तिच्यासमोर.