नाडी नसलेला मामा

परिचारिका घडवणाऱ्या शाळेत सरावाची एक खोली असते, मित्रांनो. आमच्या शाळेतल्या त्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर पडलेला जुना रबरी पुतळा म्हणजे मी. कारखान्यात मला मिटणाऱ्या पापण्या मिळाल्या, सुई टोचायला दंडात मऊ गादी मिळाली. नाडी मात्र कुणी दिली नाही.

मुली मला मामा म्हणत. "मामा, लाजू नका हं," म्हणत अंग पुसत, कुशीवर वळवत. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवलं जाई. पुढे माझा एक हात खांद्यातून निखळला. तो पट्टीने बांधला आणि काम चालू राहिलं.

परीक्षेच्या सरावात बाई एक प्रश्न हमखास विचारत. "मामांना हृदयाची गोळी द्यायची आहे. आधी काय कराल?" नाडी मोजायची, साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. मग मुली माझ्या मनगटावर बोटं टेकवत आणि लगेच म्हणत, "बहात्तर!" बाई मान डोलवत. माझ्या मनगटात काही नव्हतंच, पण ते मी सांगणार कसं?

त्या मुलींत एक होती भिंगरी. कामाला भारी चपळ. रुग्णालयाच्या वॉर्डात कामाला गेली तेव्हा तिने एका आजोबांच्या मनगटावर तशीच बोटं टेकवली, बहात्तर लिहिलं आणि गोळी दिली. थोड्या वेळाने आजोबा उठायला गेले आणि चक्कर येऊन कोसळले. त्यांची नाडी आधीच फार मंद होती.

भिंगरीने लपवलं नाही. "सिस्टर, मी मोजलीच नव्हती," असं तिने तिथल्या तिथे सांगितलं, म्हणून डॉक्टरांना कारण लगेच कळलं. आजोबा वाचले. पण ती माझ्या खाटेशी येऊन हुंदके देऊ लागली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची बोटं खोटं बोलायला शिकली ती माझ्याच मनगटावर.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिला विचारलं, "नाडी किती?"

भिंगरीने माझं मनगट खाली ठेवलं. "सांगता येत नाही, मॅडम. या पुतळ्याला नाडीच नाही."

आमच्या बाईंची मान खाली गेली. परीक्षकांनी बाही वर सारून आपला हात पुढे केला. "मग माझी मोज."

घड्याळाकडे बघत भिंगरीने पूर्ण मिनिटभर मोजली. "अठ्ठ्याऐंशी. जरा जास्त आहे. मॅडम, तुम्ही जिना चढून आलात का?"

"आले गं बाई, दोन मजले," म्हणत त्या हसल्या. भिंगरी पास झाली.

आता मुली एकमेकींच्या मनगटावर नाडी मोजतात. मी चादर बदलायच्या सरावापुरता उरलोय. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्या आजोबांची माफी मागायची राहिली, ते मात्र सलतं. ते इथे कधी येणार नाहीत आणि मला त्यांच्याकडे जाता येत नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हालाच विनवतो. घरात कुणी आजारी असेल आणि तुम्ही त्याच्या कपाळावर हात ठेवलात, तर तो घाईने उचलू नका. कळेपर्यंत ठेवा.