राक्षसाचा मिटलेला डोळा

मित्रांनो, मी लाकडाचा एक ठसा. वयाने म्हातारा, आकाराने तळहाताएवढा आणि शाई पिऊन पिऊन काळाठिक्कर पडलेला. माझ्या अंगावर एका राक्षसाचं तोंड कोरलेलं आहे. माझ्यावरून शाईचा रूळ फिरवून वर कागद दाबला, की तो राक्षस कागदावर उतरतो. आयुष्यभर मी एवढंच केलं.

आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या, की 'मला फार वेदना झाल्या', 'माझा ऊर भरून आला' असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. मला कोरलं, ठोकलं, दाबलं, भोकंसुद्धा पाडली. मला काही वाटलं नाही. जे वाटलं ते माणसांना, आणि ते मी टेबलावर पडल्या पडल्या पाहिलं.

मला ज्याने कोरलं, तो कारागीर घराच्या पुढच्या खोलीत काम करायचा. त्याच्या हाताखालून फुलं, जहाजं, साबणाच्या वड्या, दाढीवाले राजे असं काय काय गेलं होतं. ठसा उलटा कोरावा लागतो, म्हणजे छाप सुलटा येतो. म्हणून तो चित्र समोर ठेवायचा, चित्रासमोर आरसा ठेवायचा आणि आरशात बघून कोरायचा. "जग सरळ आहे का, ते मला विचारू नका," तो म्हणायचा, "मी ते उलटंच बघतो."

एकदा शाळेतल्या मास्तरांनी मुलांसाठी पुस्तक लिहिलं. गोष्ट गावाजवळच्या टेकडीवरच्या राक्षसाची, कारागिराच्या आईकडून ऐकलेली. ती अशी. टेकडीच्या माथ्यावर एक राक्षस बसतो. दिसेल त्याला टिचकीने दरीत उडवतो. एकदा वादळात एक पाखरू त्याच्याकडे आलं आणि म्हणालं, "मला एका रात्रीपुरती जागा दे." राक्षसाने त्याला पापणीवर बसवलं आणि ते पडू नये म्हणून तो डोळा मिटून घेतला. सकाळी पाखरू उडून गेलं. राक्षसाने डोळा काही उघडला नाही. न जाणो, परत आलं तर! तेव्हापासून माणसं त्याच्या मिटल्या डोळ्याच्या बाजूने बिनघोर जातात.

टेकडीवर तसा एक खडक खरंच आहे, अगदी तोंडासारखा. त्याच्यासमोर उभं राहिलं, की मिटलेला डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. उजवीकडची वाट पक्की आहे. डावीकडे, उघड्या डोळ्याखाली, नुसती सुटी खडी. जुन्या लोकांनी पोरांना 'तिकडे घसरशील' असं सांगून पाहिलं असेल. पोरं ऐकत नाहीत म्हणून मग राक्षस बसवला असेल. मला आपलं वाटतं.

आता चूक सांगतो. बाकीची सगळी चित्रं कारागिराने आरशात बघून कोरली. राक्षसाच्या वेळी मात्र त्याने आरसा घेतलाच नाही. आरसा कशाला? चित्रही कशाला? तो खडक त्याला लहानपणापासून पाठ होता. मनात जसा दिसला तसा त्याने तो थेट माझ्यावर उतरवला. उलटा करायचं राहून गेलं. जे पाठ असतं, माणूस नेमका तिथेच चुकतो.

छापलेला कागद घरी आला, तेव्हा कारागिराच्या आईने, म्हणजे घरातल्या आजीने, तो हातभर लांब धरून पाहिला.

"काय रे, या राक्षसाने कूस बदलली की काय?"

"म्हणजे?"

"डोळा बघ. डावीकडे गेलाय."

कारागिराने बघितलं. मग मला उचलून बघितलं. मग पुन्हा कागद. चहा घशाखाली न उतरवता तो छापखान्यात पळाला. परत आला तेव्हा खांदे उतरलेले होते. मालक म्हणाले होते, "अहो, राक्षसाला डोळे दोन, त्यातला एक मिटलेला. आहे ना मिटलेला? मग झालं तर! छपाई आटोपली, बांधणी चालू आहे. पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला," कारागीर आईला म्हणाला. आई काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, की घरात सगळ्यांना ऐकू यायचं.

पुस्तक मात्र फार गाजलं. घरोघरी गेलं. मुलांनी त्याच्या कडा कुरतडल्या, त्यावर दूध सांडलं, ते उशीखाली घेऊन झोपली. कारागिराला नऊ वर्षांची मुलगी होती. सगळे तिला ठिणगी म्हणायचे. तिने पुस्तक इतक्यांदा वाचलं, की पान उलटायच्या आधीच तिचे ओठ हलायचे. पण आजी गोष्ट सांगायला बसली, की दोघींचं जुंपायचं.

"मिटलेला डोळा आपल्या उजव्या हाताला," आजी म्हणायची.

"डाव्या! आजी, तुला आठवत नाहीये."

"मी त्या टेकडीवरून सासरी आले गं, गाढवे."

"पण छापलंय ना! छापलेलं खोटं असतं का?"

"छापणारा तुझाच बाप आहे. त्यालाच विचार."

ठिणगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. "बाबा, आजी चुकतेय ना?"

कारागिराच्या हातात कोरणी होती. पुस्तकातलं सर्वांत आवडतं चित्र, राक्षसाचं, बाबांनी कोरलंय, हे ती साऱ्या वर्गाला सांगत असे. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कोरणीच्या टोकावर फुंकर मारली.

"आजी म्हातारी झालीय," तो म्हणाला. एवढंच. आतल्या खोलीत भांडं जरा जोरात आपटलं.

मी दोन हातांवर होतो. उलटा का होईना, साक्षीदार होतो.

पुढचं मी पाहिलं नाही, घरात बोललं गेलं ते सांगतो. सुट्टीच्या दिवशी ठिणगी दोन मैत्रिणींना राक्षस दाखवायला घेऊन गेली. खडकापाशी मैत्रिणी थबकल्या. एक म्हणाली, "अगं, पुस्तकात तर उलटं आहे." ठिणगी म्हणाली, "सावलीमुळे तसं दिसतंय. पुस्तकात डावीकडे आहे ना, म्हणजे डावीकडूनच." ती पुढे झाली. खडी सुटली. ती खाली गेली ती एका झाडाच्या बुंध्याला अडकली, म्हणून वाचली; पण पाय मोडला.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. पायाला जान कितपत येईल, ते आज सांगता येत नाही."

ठिणगीची आई उशाशी बसून राहायची. आजी तांदळातले खडे निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. कारागीर टेबलापाशी यायचा, कोरण्या ओळीने मांडायचा आणि उठून जायचा. रडारड नव्हती. सगळं घर जणू त्या पायासारखं झालं होतं, चिमटा काढला तरी कळू नये तसं.

अकराव्या दिवशी ठिणगीने हाक मारली. तिची खाट पुढच्या खोलीत हलवली होती, म्हणून मला नीट ऐकू आलं.

"बाबा, राक्षसाने मला कसं काय बघितलं? मी मिटल्या डोळ्याच्याच बाजूने गेले होते ना?"

कारागीर उभाच राहिला. 'सावली', 'पाऊस', 'नशीब', किती शब्द तिथे हाताशी होते! त्याने एकही घेतला नाही.

"नाही गेलीस. माझा हात चुकला. आजीचं बरोबर होतं. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

ती छताकडे बघत राहिली.

"मग हे आजीला सांगा," ती म्हणाली. "मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलंय."

तो आत गेला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आला तो सरळ माझ्याकडे. त्याने माझे दोन्ही डोळे कोरून काढले, तिथे आरपार भोकं पाडली, भोकांत नव्या लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, त्या घासून सपाट केल्या. मग खडकाचं चित्र काढून समोर ठेवलं, आरसा ठेवला आणि डोळे पुन्हा कोरले. आजी बाजूला बसून बघत होती. झाल्यावर म्हणाली, "हं. आता हा आमचा."

छापखान्याच्या मालकांना तो म्हणाला, "पुढची खेप बिप नाही. आत्ता." मालक ठिणगीच्या पायाचं ऐकून होते. त्यांनी कागद दिला, शाई दिली, आणि मान वर केली नाही. माझ्यावरून नवे छाप निघाले. ते घेऊन कारागीर घरोघर निघाला. दार उघडलं, की म्हणायचा, "राक्षसाचं पुस्तक आहे का? माझी चूक दुरुस्त करायची आहे." दोन महिन्यांनी ठिणगीही कुबडी घेऊन बरोबर जाऊ लागली. ती पानाला खळ लावायची, तो जुन्या राक्षसावर नवा चिकटवायचा.

सगळे काही खूश नव्हते. एक मुलगा पुस्तक पोटाशी धरून रडला, "माझ्या राक्षसाला हात लावायचा नाही!" ठिणगी त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने पाय लांब केला. "इथे टोच," ती म्हणाली. त्याने बोटाने टोचलं. "लागलं?" "नाही. काहीच कळत नाही." मुलाने पुस्तक पुढे केलं.

ठिणगी पुढे मोठी झाली. तो पाय थोडा सुधारला, थोडा तसाच राहिला.

आता छपाईच्या नव्या तऱ्हा आल्या आहेत. मी एका खोक्यात असतो. माझी निगा राखा, मला धूळ लागू देऊ नका, अशी विनंती मी करणार नाही. धूळ मला कळत नाही. माझी विनंती दुसरीच आहे. जुन्या प्रतींपैकी काही सापडल्या नाहीत. माणसं घरं बदलतात, गावं सोडतात, पुस्तकं बरोबर नेतात. तुमच्या कपाटात ते पुस्तक असेल, तर फेकू नका. फार सुंदर गोष्ट आहे ती. मोठ्याने वाचा. फक्त वाचताना शेजारी बसलेलं एखादं म्हातारं माणूस पुटपुटलं, "असं नव्हतं गं ते," तर पान तसंच उघडं ठेवा आणि विचारा, "मग कसं होतं?"