नसांचा त्रास

"नसांचा त्रास आहे हो याला," देसाने दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईला सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला.

पुन्हा नसा! देसा माझी धाकटी बहीण. तिचा मुलगा स्त्राहिन्या हेरॉइन टोचून घेतो, हे आमच्या लेस्कोवात्स गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे दारुडा असो, वेडा असो की नशेबाज, सगळ्यांना आजार एकच: डोक्याच्या नसा. तेवढंच घराची अब्रू झाकायला. आणि दवाखानाही तसलाच. नसा म्हटलं की तिसरा मजला, तिथून झोपेच्या गोळ्या घेऊन घरी. आधीही असंच झालं होतं.

आज मात्र पोरगा आपणहून म्हणाला होता, "आई, मला कुठंतरी भरती कर. उद्या मी ऐकणार नाही." मे महिन्याच्या उन्हात जाड कोट घालून तो बाकावर कुडकुडत होता.

वरच्या डॉक्टरने मानही वर केली नाही. "झोप लागते का?"

"अहो, त्याचे हात तरी बघा!" मी म्हणाले. हातावरची एक नस धड राहिली नव्हती.

"नसा म्हणालात ना? गोळ्या देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याला दिसत नव्हतं थोडंच! पण खरं नाव निघालं की खाट शोधा, निश शहरातल्या मोठ्या दवाखान्याला फोन करा. गोळ्या दिल्या की हा सुटला.

मी देसाला कोपराने ढोसलं. तिची नजर उघड्या दाराकडे. बाहेर रांगेत आमच्या गल्लीतली रुझिका बसली होती, डोक्याला काळा रुमाल बांधून.

"ती ऐकेल गं," देसा पुटपुटली.

रुझिकाने ऐकलंच. उठून दारात आली. "देसा, माझ्या पोरालाही, मिलेंकोलाही नसाच होत्या. ह्यांच्याच गोळ्या. हिवाळ्यात त्याच्या मरणाचे कागद खांबांवर लागले, त्यावरही मी छापून घेतलं, अल्पशा आजाराने."

देसा डॉक्टरकडे वळली. मग म्हणाली, "डॉक्टर, माझा मुलगा हेरॉइन घेतो." आणि रांगेतल्या शेवटच्या म्हातारीला ऐकू जाईल असं ओरडली, "हेरॉइन! खाट मिळाल्याशिवाय मी हलणार नाही."

"असल्या पेशंटची सोय इथं नाही, बाई."

"मग जिथं आहे तिथं लावा फोन. आत्ता, आमच्यासमोर," रुझिका म्हणाली आणि दार अडवून उभी राहिली.

फोन लागला. निशमध्ये खाट होती. संध्याकाळपर्यंत आणा म्हणाले. एका फोनचं काम होतं हो! आणि तेवढ्यासाठी मिलेंको मातीत गेला.

गाडी रुझिकाच्या नवऱ्याने काढली. देसा पुढे बसली, मागे मी आणि रुझिका, मध्ये स्त्राहिन्या. त्याचे दात वाजत होते. रुझिकाने डोक्याचा काळा रुमाल सोडला. पोराच्या दुखवट्याचा रुमाल आमच्याकडे वर्षभर उतरवत नाहीत, आणि मिलेंकोचं वर्ष व्हायला अजून बराच अवकाश होता. तिने तो पोराच्या गळ्याभोवती गुंडाळला, नीट खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "चल. आता कुठं थांबू नकोस."