भगोन्याच्या तळाची खरवड

मित्रांनो, मी एक जुना पितळी भगोना आहे. पुण्या-मुंबईकडचे लोक मला पातेले म्हणतील, पण उज्जैनच्या मराठी घरांत मी भगोनाच. माझे तोंड रुंद आहे, बूड जाड आहे. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि खरे सांगायचे तर आता मलाही उठायची फारशी इच्छा उरलेली नाही.

मी साच्यातून निघालेलो नाही. एका ठठेऱ्याने, म्हणजे तांबटाने, मला हातोडीने ठोकून घडवले. आतून कल्हई केली तेव्हा मी काही दिवस चांदीसारखा दिसत होतो. माझे रूप तेवढेच. नंतर चूल आली, धूर आला, काजळी आली आणि मी बाहेरून काळा तो काळाच राहिलो.

मी ज्या घरात आलो ते भय्यासाहेबांचे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते. दरबार गेला, चाकरी गेली, माधव नगरात साधे चार खोल्यांचे घर झाले. पण शिस्त दरबारीच राहिली. त्या शिस्तीतला एक नियम माझ्यापुरता होता. सामिष जेवण मागच्या अंगणात शिजायचे, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि खायचेही तिथेच. स्वयंपाकघराला लागून देवघर होते. माझ्यासारख्या भांड्याने तो उंबरठा ओलांडायचा नाही. न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेला एक पत्रा होता, त्याखाली माझे बिऱ्हाड.

या नियमाचा मला कधी राग आला नाही. भय्यासाहेब स्वतः बाहेर पाटावर बसून जेवत. त्यांच्या पत्नी माई चुलीजवळ बसून वाढत आणि सगळ्यांचे झाले की तिथेच जेवत. दसऱ्याला मटण माझ्यातच शिजे. पाहुणे आले, कुणी परीक्षेत पास झाले, कुणाला नोकरी लागली की मी चुलीवर. लोक म्हणत, "माईंच्या हाताला काय चव आहे!" माझ्याबद्दल कुणी बोलले नाही. भांड्याबद्दल कोण बोलतो?

मग माईंचे गुडघे गेले. चुलीपुढे बसणे बंद झाले. फ्रीगंजमधल्या हॉटेलातून पार्सल येऊ लागले आणि मी पत्र्याखाली पडून राहिलो. माझ्यात आधी कोळसे ठेवले, मग कपड्यांचे चिमटे, मग ओली फडकी. एक पाल काही दिवस राहून गेली. आतली कल्हई उडत गेली. एकदा कुणीतरी भंगारवाल्यालाही बोलावले होते, पण वजनावरून त्याचे आणि भय्यासाहेबांचे जमले नाही. मी वाचलो, इतकेच.

बाहेर काढला गेलो ते मृण्मयीच्या लग्नात. मृण्मयी ही माईंची धाकटी. तिने रतलामच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन मुलगा पसंत केला. घरात थोडी कुरबूर झाली, मग सगळे राजी झाले. कोर्टात लग्न झाले आणि दुसऱ्या दिवशी घरी जेवण. माईंनी हट्टाने मटण केले. माझी कल्हई करून घेतली, सूनबाईला मदतीला घेतले, गुडघे दुखत असताना सकाळपासून चुलीपाशी खुर्ची टाकून बसल्या.

शाकाहारी नातेवाइकांची पंगत आत हॉलमध्ये टेबलांवर बसली. रतलामच्या मंडळींची मागच्या अंगणात, चांगली चादर अंथरून. घरची पद्धत होती, म्हणून कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. आणि कुणी पाहुण्यांना ती पद्धत सांगितलीही नाही. जी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असते, ती सांगायची असते हे लक्षात येत नाही.

मृण्मयीच्या सासूबाई, आयरीनबाई, पर्स मांडीवर ठेवून जेवल्या. शांतपणे उठल्या. त्यानंतर त्या उज्जैनला आल्या नाहीत. काही महिन्यांनी मृण्मयीने सांगितले, "माई, मम्मी म्हणतात, आम्हाला अंगणात बसवलं. आमची जात काढली."

माईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "अगं, पण आपण सगळे तिथंच जेवतो!"

"हे त्यांना कुणी सांगितलं? तेव्हा तर आत पन्नास माणसं टेबलावर बसली होती."

मृण्मयीने रतलामला समजावले, उज्जैनला समजावले. कुणालाच पटले नाही. ती एकटी सकाळच्या गाडीने येई आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाई. शेवटी नाताळाच्या आधी ती म्हणाली, "रविवारी मी त्यांना घेऊन येते. ही शेवटची वेळ. यानंतर मी कुणाला समजावणार नाही. ना त्यांना, ना तुम्हाला."

माईंनी ठरवले की विहीणबाईंना त्यांच्याच घरचे जेवण वाढायचे. आख्खी भाजलेली टर्की आणि ग्रेव्ही. मृण्मयीने बजावून ठेवले होते, "पक्षी कसाही भाजलेला मम्मी खातात. पण ग्रेव्ही बिघडली तर काटा खाली ठेवतात."

माईंनी कोंबडीवर दोनदा सराव केला. पहिल्या वेळी मैद्याच्या गुठळ्या झाल्या. भय्यासाहेबांनी एक घोट घेऊन विचारले, "ही ग्रेव्ही आहे की पोस्टर चिकटवायची खळ?"

"तुम्ही भिंतीला लावून बघा," माई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी त्यांनी काही विचारले नाही, म्हणजे बरी झाली असावी. पण नियमाचा प्रश्न उरलाच. भय्यासाहेबांनी बराच विचार केला आणि अर्धी वाट मोकळी केली. "शिजेल बाहेर, वाढा आत. टेबलावर. नवीन भांड्यात." नवीन काचेची भांडी फ्रीगंजहून आली. मी बाहेरच.

महूच्या पोल्ट्रीतून आणलेली टर्की अंगणात आणून ठेवलेल्या ओव्हनमध्ये मावेना. म्हणून पुन्हा माझी आठवण झाली. त्या रविवारी सकाळी माझ्या तळाशी तूप, कांदे आणि गाजरांचे जाड काप घातले. त्यावर टर्की. वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. मी फार दिवसांनी असा वरून-खालून तापलो. अंग दुखत होते, पण सांगायचे कुणाला? हळूहळू चरबी सुटली, रस सुटला, कांदे तपकिरी झाले आणि सगळे माझ्या तळाला घट्ट चिकटून बसले. मित्रांनो, हीच ती खरवड. मुले दुधाच्या भांड्याची चमच्याने खरवडतात ना, तशीच. ग्रेव्हीचा सारा जीव तिच्यात असतो.

दुपारी पाहुणे आले. समोरच्या दाराने आत गेले. मागे अंगणात माईंनी टर्की परातीत काढली, झाकली आणि तिच्या मानेचे वेगळे उकळलेले पाणी गाळायला त्या आत गेल्या. माझ्याजवळ राहिली त्यांची सून भार्गवी.

भार्गवीचे माहेर नानाखेड्याचे, पक्के शाकाहारी. मटणाचा दिवस म्हणजे ती नाकाला पदर लावून फक्त घासायचे काम करी, आणि ते मनापासून करी. तिने माझ्यात डोकावून पाहिले. तळाला काळपट थर दिसला. तिच्या माहेरी अशा थराला एकच नाव होते, जळाले. सासूबाईंचे काम हलके करावे म्हणून तिने मला फरपटत नळाखाली नेले. पाणी सोडले. मी चर्रर्र केले. तिने चुलीच्या कडेची गार राख मुठीत घेतली आणि काथ्या उचलला.

"रुको! हाथ मत लगाना!"

दारात आयरीनबाई उभ्या होत्या. वासामागून त्या मागे आल्या होत्या. भार्गवीची राखेची मूठ माझ्या तोंडावर तशीच थांबली.

"जल गया है, आंटी," भार्गवी घाबरून म्हणाली. "मी... मैं साफ कर रही थी।"

"जला नहीं है बेटा, इसी में तो सारा माल है। राख फेंको। उधर, दूर!" त्या वाकून माझ्यात पाहू लागल्या. "पानी डाल दिया? चलो, अच्छा किया, वो तो डालना ही था। बस घिसना मत।"

तेवढ्यात माई गाळलेले पाणी घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. विहीणबाई अंगणात उभ्या होत्या. ज्या अंगणावरून एवढे सगळे झाले, त्याच अंगणात.

आयरीनबाईंनी चूल पाहिली, पत्रा पाहिला, भिंतीला टेकवलेले पाट पाहिले.

"फिर बाहर पकाया?" त्यांचा आवाज थंड होता.

"हमेशा बाहर ही पकता है," माई म्हणाल्या. त्यांची हिंदी आणि मराठी एकमेकींत मिसळत गेली. "माझं लग्न झालं तेव्हापासून. अंदर देवघर है, इसलिए. हे पण बाहेरच जेवतात. मैं भी."

"आप भी?"

"मग मी कुठं जेवणार? तो जो टूटा हुआ पाट है ना, तो माझा. तुम्हाला सगळ्यात चांगली चादर दिली होती, विहीणबाई. मुझे लगा, आपको पता होगा। सांगायला हवं होतं. माझीच चूक झाली."

 आयरीनबाईंनी तो तुटका पाट ओढला, माझ्यापुढे ठेवला आणि त्यावर बसल्या. "कलछी दीजिए," त्या म्हणाल्या. "और मैदा अभी मत डालिए। पहले घी में भूनते हैं।"

माईंना खाली बसता येईना, म्हणून भार्गवीने खुर्ची आणून दिली. तिघींनी मिळून मला पुन्हा चुलीवर चढवले. माझ्या तळाचे पाणी हलके उकळवून आयरीनबाईंनी लाकडी कलथ्याने खरवड सोडवली. ती सोडवताना त्यांनी मला जराही ओरखडले नाही. सगळे पातेलीत ओतून घेतले. मग माझ्यात तुपावर मैदा बिस्किटाच्या रंगाचा होईपर्यंत भाजला आणि खरवडीचे आणि मानेचे पाणी थोडेथोडे घालत त्या ढवळत राहिल्या. मिरपूड माईंनी घातली. भार्गवीने नाकावरचा पदर केव्हा काढला ते तिलाही कळले नाही.

"कोई खाना देगा या नहीं?" असे म्हणत भय्यासाहेब बाहेर आले. विहीणबाई पाटावर, हाताला काजळी, कपाळावर घाम. भय्यासाहेबांचा चेहरा उतरला.

"माई, यांना खाली कशाला बसवलंत?"

"मैं ख़ुद बैठी हूँ, भय्यासाहेब," आयरीनबाई म्हणाल्या. "यहाँ की पद्धत है।"

भय्यासाहेब माझ्याकडे पाहत राहिले. माझ्याकडे त्यांनी इतका वेळ कधीच पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "भगोना आत घ्या."

माईंना नीट ऐकू आले नसावे. "आत?"

"आत. टेबलावर. काचेच्या भांड्यात कशाला ओतायचं? पाहुणीने ज्यात केलं, ते पाहुणीपुढेच ठेवा."

"टेबल ख़राब हो जाएगा," आयरीनबाई म्हणाल्या. "ये नीचे से एकदम काला है।"

"होने दीजिए।"

माईंच्या गुडघ्यांना ते जमणार नव्हते. एका बाजूने भय्यासाहेबांनी धरले, दुसऱ्या बाजूने आयरीनबाईंनी. उंबरठ्यापाशी दोघेही क्षणभर थांबले, आणि मी आत गेलो. टेबलावरच्या नव्या पांढऱ्या चादरीवर माझ्या बुडाचे काळे कडे उमटले. मृण्मयी ते पाहत उभी राहिली. तिला काही समजावून सांगावे लागले नाही.

आयरीनबाईंनी पहिला चमचा चाखला. सगळे त्यांच्या काट्याकडे पाहत होते.

"नमक कम है," त्या म्हणाल्या.

"कलछी आपके हाथ में थी, विहीणबाई," माई म्हणाल्या. आणि दोघी इतक्या हसल्या की ताट वाढायचे राहून गेले.

मित्रांनो, मी थकलो आहे. फार बोलणे मला जमत नाही. तरी एक विनंती करतो. कुणाचे भांडे घासायला घ्याल, तर आधी तळ चाखून पाहा. तो जळालेलाच असेल असे नाही. आणि तुमच्या घरची रीत पाहुण्याला तोंडाने सांगा. ती सांगायला दोन वाक्ये पुरतात. न सांगितलेल्याचा डाग काढायला मात्र माझ्यासारख्याला पुन्हा निखाऱ्यांवर चढावे लागते, आणि या वयात ते सोसत नाही.